पाठीवर दोन बोटं जागा

“पाठ माझ्याकडं कर आणि पोटभर श्वास घे,” माझी आई म्हणाली. “घेतलास? आता धरून ठेव.”

राजमतीनं श्वास धरला. बारा-तेरा वर्षांची पोरगी, अंगात पातळ शमीज, दोन्ही वेण्या पुढे घेतलेल्या. आईनं तिच्या बरगड्यांभोवती टेप फिरवली, आकडा पाहिला आणि टेबलावर पसरलेल्या जाड ड्रिलच्या कापडावर खडूनं लिहिला. मग कमरेचं माप, मग कमरेखालचं. उजवीकडे पाठ जिथे फुगली होती तिथे तिनं तळहात सपाट ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

“सोड की आता श्वास. धरून धरून मरशील.”

राजमती फसकन हसली. आमच्या खोलीत शिरल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

तिची आई, त्रिशला मगदूम, दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. सकाळच्या एसटीनं दोघी नांदणीहून आल्या होत्या. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, आणि डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे चिठ्ठीच्या मागं रस्ता काढून आमच्याकडे पाठवलं होतं. मिरजेत दवाखान्यांच्या वाटेवरच आमचं घर. पुढच्या खोलीत दोन मशिनी, एक लांब टेबल, आणि खुंट्यांवर टांगलेले अर्धवट पट्टे. पाठीच्या दुखण्याचे, कमरेचे, अपघातानंतरचे. आई त्यांना कॉर्सेट म्हणायची, लोक पट्टा म्हणायचे आणि तिला पट्टेवाल्या बोंगाळेबाई. “कलेक्टर कचेरीत स्टुलावर बसवा मला आता,” असं ती म्हणायची.

“काकू, एक सांगू?” त्रिशलाबाई म्हणाल्या.

“सांगा की.”

“माप जरा सैल धरा. मागं प्लास्टर घातलं होतं तर पोरगी जेवत नव्हती. नुसती रडायची.”

“रडू दे.”

“अवो, असं काय बोलताय!”

“सैल केला तर तो पट्टा राहत नाही, पोलकं होतं. पोलकं शिवायला नांदणीत शिंपी नाहीत काय?”

त्रिशलाबाईंना ते लागलं. त्या पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत बसल्या. आईनं टेप गळ्यात टाकली आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

“डॉक्टर काय म्हणाले? ह्यानं पाठ सरळ होईल म्हणाले?”

“न्हाई. आहे तिथं थांबंल म्हणाले.”

“बरोबर बोलले. पोरीची वाढ थांबेपर्यंत पाठ आणखी वाकू द्यायची नाही, एवढंच ह्याचं काम. दोन-तीन वर्षं काढायची. नाही घातला, नाहीतर नुसता नावाला घातला, तर पुढं मुंबईला नेऊन ऑपरेशन. ते कसं असतं ते त्यांनाच विचारा, मी सांगणार नाही.”

“घालंल ती. घालशील ना गं?”

राजमतीनं मान हलवली, पण कुणाकडे पाहून नाही.

“आणि आणखी एक,” आई म्हणाली. “पट्टा मी करून देणार. दोरी तुम्ही ओढायची. पहिल्या दिवसापासून. मी हात लावणार नाही.”

“मी? मला कुठलं जमतंय ते!”

“मग मी येऊ का रोज सकाळी नांदणीला? भाकरी घालणार असाल तर येते.” ती उठली आणि राजमतीच्या कण्यावर आपली दोन बोटं जोडून उभी ठेवली. “पाठीवर एवढी जागा राहिली पाहिजे. दोन्ही कडा एकमेकींना भेटता कामा नयेत. भेटल्या की समजायचं पट्टा मोठा झाला, आणि परत घेऊन यायचं. कळलं?”

हे ती प्रत्येकाला सांगायची. मी खिडकीशी बसून पट्ट्याच्या आतल्या गादीसाठी जाड लोकरी फेल्ट कापत होते. ह्या वाक्याशी ती आली की मी हातातल्या कामाकडे जास्त बघायचे. त्या दिवशीही बघितलं.

मी तेव्हा पुण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, भावंडं नव्हती. लहानपणी मीही पट्टा घातला होता. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आहे. साडीच्या पदरानं पुष्कळसं झाकलं जातं.

मायलेकी गेल्यावर आईनं चहा टाकला. मी पुण्याहून आणलेलं जाडजूड पुस्तक टेबलावर उघडलं. युरोपातल्या बायकांच्या कपड्यांचा इतिहास, पानोपानी चित्रं. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण शिवण बघता यायची. कपाळावर चष्मा ढकलून ती चित्रात नाक घालून बघायची.

“हे बघ, मधे शिवण नाहीच. तुकडे किती असतील गं एका बाजूला?”

“पाच-सहा म्हणतात.”

“मला चारांत बसवायला लागतं. आणि ह्यात काड्या कशाच्या?”

“देवमाशाच्या. लोक हाड म्हणायचे, पण हाड नव्हे ते. त्याच्या वरच्या जबड्यातून पट्ट्या लोंबत असतात, त्यांतून तो पाणी गाळतो.”

“तोंडातलं? म्हणजे उष्टंच की!”

“तापवलं की वाकतं. आणि अंगाच्या उबेनं हळूहळू त्या बाईच्या आकाराचं होतं.”

“हे चांगलं. पोलाद मेलं कुणाचं ऐकत नाही. मग सोडलं कशाला?”

“महाग झालं. देवमासे मिळेनात. मग पोलादी आल्या.”

“आणि ही भोकं हातानं शिवलीत. काजासारखी.”

“आधी तशीच असायची. जोरात ओढलं की फाटायची. भोकांत ठोकायच्या धातूच्या कड्या, आयलेट, निघाल्यावर पाहिजे तेवढं घट्ट ओढता यायला लागलं.”

“म्हणजे बायकांचं दुखणं आयलेटवाल्यानं वाढवलं,” आई म्हणाली आणि चहा ओतला.

तिचं शिक्षण असल्याच एका कॉर्सेटवर झालं होतं. माझे वडील दवाखान्यांचे पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायचे. मिस पेटन नावाची एक म्हातारी नर्स एकदा कागदात गुंडाळून स्वतःचा कॉर्सेट दुरुस्तीला घेऊन आली. बाईमाणसाच्या आतल्या कपड्याला हात लावायला वडील तयार होईनात. आईनं तो आत नेला, ब्लेडनं एक बाजू उसवली, सगळे तुकडे जमिनीवर मांडले आणि वर्तमानपत्रावर त्यांचे आकार काढून घेतले. मग होता तसा शिवून दिला. मिस पेटननं अंगात घालून पाहिला आणि तिला विचारलं, पाठीच्या पेशंटांसाठी असे करशील का? तिथून धंदा सुरू झाला. मिस पेटन विलायतेला परत गेली, आणि तिच्या कमरेचं माप आमच्या घरात राहिलं. आईनं बेतलेला प्रत्येक पट्टा त्या मापावरून कमी-जास्त करून निघालेला होता.

घरच्यांचा पट्टा मात्र ती करत नसे. माझ्या मामांची कंबर धरली तेव्हा तिनं त्यांना कोल्हापूरला पाठवलं. “मिरजेत सख्खी बहीण पट्टे करती, आणि मी कोल्हापूरला जाऊ?” असं म्हणून मामा वर्षभर बोलले नव्हते. तिनं कारण दिलं नाही. दिवाळीला त्यांना चिवडा तेवढा पाठवला.

पुस्तकाचं पान उलटलं तशी एक लहान मुलगी आली. फ्रॉकखाली तिलाही तसलाच कॉर्सेट.

“एवढ्याशा पोरींना पण?”

“हो. पाठ सरळ राहते म्हणायचे.”

“बांधायचं कोण?”

“श्रीमंताघरी मोलकरीण. नाहीतर आई.”

पुढच्या पानावर एक थट्टेचं चित्र होतं. एक बाई पलंगाचा खांब धरून वाकली आहे, आणि दुसरी तिच्या पाठीला पाय लावून दोरी ओढते आहे.

“हे खरं?”

“पायाचं नसेल. पण ओढायच्या खऱ्याच.”

आईनं पुस्तक दोन्ही हातांनी उचलून जरा लांब धरलं. “पोरगी रडत नव्हती?”

“रडत असेल.”

“आणि आई ओढत राहायची.”

ते तिनं मला विचारलं नव्हतं. तिनं पुस्तक मिटून बाजूला सरकवलं आणि चहा गार झाला म्हणून माझ्यावरच चिडली.

संध्याकाळपर्यंत आम्ही राजमतीचा पट्टा बेतला. बेतायला दोघी लागतात. ड्रिलचा उभा धागा जराही तिरका गेला की घातल्यावर पट्टा अंगावर पिळतो. “धर नीट. पुस्तकं धरून धरून हात मऊ पडलेत तुझे,” ती म्हणाली. मी म्हटलं, पुस्तकं ह्याच्यापेक्षा जड असतात. “मग नुसतीच जड असतात,” ती म्हणाली. दिवेलागणीला तिनं मशीनवर बसून तुकडे जोडले, आतून कमरेची फीत लावली आणि काड्यांसाठी दुहेरी पट्ट्या शिवल्या. रात्री आम्ही मुगाची खिचडी खाल्ली. कढीत मीठ जास्त झालं होतं आणि ते कुणामुळे ह्यावर थोडं भांडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोऱ्याची रिळं आणायला बाजारात गेली. दुकानदारानं मागाहून सांगितलं की बाईंनी पांढरा दोरा ओढून पाहिला, कच्चा आहे म्हणाल्या, दुसरा दाखव म्हणाल्या. तो दुसरा काढायला वळला तेवढ्यात त्या बाकावर बसल्या, आणि त्यानं रीळ समोर धरलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मामांनी अग्नी दिला. माणसं आली, जेवली, गेली. मी रजा वाढवून घेतली.

पट्टा घालून बघायला आईनं सांगितलेल्या दिवशी त्रिशलाबाई आणि राजमती दारात उभ्या राहिल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. आईच्या फोटोला हार घातलेला होता. त्यांनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवली.

“कधी?”

“तुम्ही येऊन गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“अगं बाई. त्या दिवशी तर मला बोलून घेतलं की वो त्यांनी.” त्या रडल्या. मोकळेपणानं रडल्या, नाक पदराला पुसलं, आणि मीही थोडी रडले. राजमती भिंतीला टेकून खुंटीवरच्या पट्ट्याकडे बघत होती. तो तिचाच होता हे तिनं ओळखलं होतं.

चहा झाल्यावर त्रिशलाबाई म्हणाल्या, “मग आता ह्याचं कसं?”

“शिवून झालाय. काड्या, आयलेट आणि आतली गादी राहिली आहे.”

“कोण करणार?”

“मी करीन. लहानपणापासून हेच बघत आलेय.”

त्या खुर्चीतून थोड्या पुढे आल्या. “मालनताई, मग एक काम करा. काकू जुन्या वळणाच्या, कडक होत्या. आता गेल्या, त्यांना दोष देत न्हाई मी. पण तुम्ही पुण्याला शिकलेल्या. जरा सैल करा. घालंल तरी पोरगी. न्हाईतर कपाटात पडून राहील.”

हे अगदीच खोटं नव्हतं. कपाटात पडलेले पट्टे आम्ही पाहिले होते. आणि करणं अवघड नव्हतं. बाजूची शिवण उसवून आत बोटभर रुंदीची पट्टी घालायची. अर्ध्या तासाचं काम. बाहेरून पाहणाऱ्याला, डॉक्टरांनासुद्धा, कळलं नसतं.

“पुढच्या शनिवारी या,” मी म्हणाले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

त्या आठवड्यात मी त्या पट्ट्याला दोनदा कात्री लावायला घेतली. पहिल्यांदा शिवणीचे तीन-चार टाके उसवलेसुद्धा, मग ते परत घातले. दुसऱ्यांदा यासीनचाचा आले म्हणून कात्री खाली ठेवली. यासीनचाचा ट्रंका दुरुस्त करायचे आणि आमच्यासाठी पोलादी पट्ट्या कापून, टोकं कानशीनं गोल करून द्यायचे. त्यांनी वर्तमानपत्रातली जुडी सोडून टेबलावर काड्या पसरल्या.

“टोकं बघ, मालन बेटी. बोटाला लागतंय काय?”

“नाही चाचा. छान झालीत.”

“भाभींनी एकदा तरी परत पाठवल्या असत्या. त्याशिवाय त्यांना गोड लागायचं नाही.” ते बसले नाहीत. फोटोकडे पाठ करून उभे राहिले. “पोरगी कुठली?”

“नांदणीची.”

“काड्या आत सरकवताना वर-खाली बोटभर जागा सोड. न्हाईतर बसली की टोचतील.”

“माहीत आहे चाचा.”

“माहीत आहेच. मी आपलं बोललो.”

मी काड्या सरकवल्या, टोकांना फीत शिवली. पाठीच्या दोन्ही कडांना आयलेट ठोकले. आयलेट नेहमी दोन काड्यांच्या मध्ये घ्यायचे, म्हणजे ओढ कापडावर न येता पोलादावर येते. फेल्टची गादी आईनं जिथे तळहात ठेवला होता तिथे बसवली. दोरी ओवली, कमरेपाशी ओढायला दोन्ही बाजूंना फास ठेवले. माप आईचं होतं तेच ठेवलं.

शनिवारी दुपारी राजमती शमीजवर उभी राहिली. मी दोरी पूर्ण सैल करून पट्टा तिच्या अंगाभोवती आणला आणि पुढचे हूक लावले. मागे चार-पाच बोटं अंतर होतं.

“आता तुम्ही या,” मी त्रिशलाबाईंना म्हटलं.

“तुम्हीच ओढा की, ताई. एकदा दाखवा.”

“आई काय म्हणाली होती?”

त्या उठल्या, पदर खोचला आणि दोन्ही फास धरले. पहिल्यांदा ओढलं तेव्हा बरं गेलं. कडा जवळ आल्या. दुसऱ्यांदा ओढल्यावर गादी पाठीच्या फुगवट्यावर दाबली गेली आणि राजमती ओरडली.

“आई, नको! आई गं, लागतंय!”

“जरा कळ काढ बाळा.”

“नको! सोड!”

त्रिशलाबाईंनी दोरी सोडली. जवळ आलेल्या कडा परत लांब गेल्या. मी म्हटलं, पुन्हा. त्यांनी पुन्हा धरलं. राजमतीनं टेबलाची कड धरली, तोंड दंडात खुपसलं आणि आतल्या आत रडायला लागली. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. त्रिशलाबाईंच्या हातातून फास सुटले.

“मला न्हाई जमत.”

“जमेल. कडा आणखी दोन बोटं जवळ आल्या की झालं. आठवड्यानं इतकं दुखत नाही.”

“तुम्हाला काय म्हणायला! सैल करा म्हटलं होतं मी. केला न्हाईसा.”

“नाही केला.”

“का वो? तुमचं काय जात होतं? स्वतःचं लेकरू असतं म्हणजे कळलं असतं.”

“त्रिशलाबाई, दोरी धरा.”

“न्हाई धरत! मोठ्या सांगायला लागलाय. तुमच्या आईनं तरी तुम्हाला कुठं घट्ट बांधलं होतं? बांधलं असतं तर हा खांदा असा राहिला असता काय?”

बोलून झाल्यावर त्याच घाबरल्या. तोंडावर पदर धरून म्हणाल्या, “चुकले ताई. पोरीच्या रडण्यानं डोकं फिरलं माझं.”

“चुकलं काही नाही,” मी म्हणाले. “नव्हतं बांधलं.”

राजमतीनं दंडातून तोंड वर काढलं.

“मी हिच्याएवढीच होते. पट्टा आईनंच केला आणि दोरीही तीच ओढायची. वडील गेले होते, दुसरं होतं कोण? माझ्या पट्ट्याच्या कडा पाठीवर एकमेकींना मिळायच्या. आरशात मान वळवून बघायचे मी. इथं येणाऱ्या सगळ्यांच्या पाठीवर फट असायची, माझ्या नाही. मला वाटायचं, लोकांचे पट्टे आई घाईनं करते आणि आपल्या पोरीचा मन लावून.”

“पण कडा मिळता कामा न्हाईत म्हणाल्या होत्या त्या,” राजमती हळूच म्हणाली.

“हो. तू पहिल्याच दिवशी ऐकलंस. मी ह्या खोलीत वाढले, रोज ऐकत होते, आणि ते माझ्याबद्दल आहे हे मला कळलं नाही. पुण्यात ग्रंथालयात एका पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं. जुने कॉर्सेट करणारेही तेच सांगायचे. कडा मिळाल्या की तो त्या बाईचा नव्हे, मोठ्या बाईचा.”

त्रिशलाबाई खुर्चीत बसल्या. “माप चुकलं असंल त्यांचं. होतं की एखाद्या वेळी.”

“एखाद्या वेळी होतं. मी वाढत होते, दर वर्षी नवा पट्टा व्हायचा. दर वर्षी चुकलं? तिचं?”

मी टेबलावरचा खडू उचलून बाजूला ठेवला.

“रोज सकाळी बांधताना विचारायची, दुखतंय का गं माले? मी हो म्हणायचे. डॉक्टर विचारायचे, रोज घालते का? ती म्हणायची, रोज. ते खरंच होतं. माझी वाढ थांबली, पट्टा सुटला, आणि तिनं घरच्यांचं काम घेणं बंद केलं. दोरीला हात लावणंही. सख्ख्या भावाला कोल्हापूरला पाठवलं, पण कारण सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं न्हाई त्यांना?” राजमतीनं विचारलं. तिचे गाल ओले होते, पण ती आता रडत नव्हती.

“नाही.”

“का?”

“विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं.”

त्रिशलाबाई उठून राजमतीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पोरीची वेणी त्यांनी पाठीवरून उचलून पुढे टाकली. “मायेपोटी केलं त्यांनी, ताई. तुमचं रडणं बघवलं नसंल.”

“मायेपोटीच केलं.”

“मग राग कशाला धरायचा? तुम्हाला राग आला व्हता काय त्यांचा?”

“आला ना, आई,” मी म्हणाले.

त्रिशलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. आईच्या रिकाम्या मशीनसमोर स्टूल होतं, त्याच्याकडे तोंड करून मी उभी होते.

“आला. अजून आहे. ग्रंथालयाचा जिना चढताना मला मधे थांबावं लागतं, आणि मागून येणाऱ्यांना मी चप्पल नीट करतेय असं दाखवते. झोपायचं ते एकाच कुशीवर. तुला दिसत होतं हे. मला कळलंय हेही तुला माहीत होतं, म्हणून तर तू त्या दोन बोटांवर आलीस की माझ्याकडं बघायची नाहीस. मीही बघायचे नाही. एवढी वर्षं आपण दोघी ह्या खोलीत एकमेकींकडं न बघता बसलो.”

मागे आयलेटांमधून दोरी सरकल्याचा आवाज आला. राजमतीनं दातावर दात धरून श्वास घेतला. पुन्हा दोरी सरकली. मी वळले नाही.

“मी रडले असते, आई. तुझ्याशी बोलले नसते, जेवले नसते, तुला नाही नाही ते म्हटलं असतं. तरी तू ओढायला हवं होतंस.”